ख्रिस्ती मराठी वाङ्मयातील दारिद्र्य आणि इगर्जीचे धन

फादर थॉमस स्टीफन्स याच्या 'ख्रिस्तपुराणा'संबंधी मराठीत आजवर जे लेखन झाले, त्याचा मोठा भाग भाषेच्या अंगाने झालेला आहे. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या पाठ्यपुस्तकांतून सर्वतोमुखी झाल्या. ग्रंथाची भाषा मराठी किती आणि कोकणी किती याचा खल झाला. संतकवींच्या ओवीशी तिचे नाते जोडून दाखविण्यात आले. हे सर्व आवश्यकच होते. तथापि ज्या संस्थेच्या छत्राखाली हा ग्रंथ सिद्ध झाला तिच्या हाती त्या काळी जमिनी होत्या, मठ होते, सोन्यारुप्याच्या वेदी होत्या. आणि ज्या देवाचे चरित्र ग्रंथात वर्णिले आहे तो गोठ्यात जन्मलेला देव होता. या दोहोंमधील अंतर ख्रिस्ती मराठी वाङ्मयाला कधी जाणवले काय, आणि जाणवले असल्यास कोणत्या शब्दांत, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारलेला नाही.

प्रश्न केवळ जुन्या पोथ्यांपुरता नाही. कॅथलिक समाजांत गेल्या अर्धशतकात जी उलथापालथ झाली तिच्याशी तो निगडित आहे. आयर्लंडमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी दर दहा कॅथलिकांपैकी नऊजण दर रविवारी मिस्सेला जात. पुढील चार दशकांत हे प्रमाण निम्म्याहूनही पुष्कळ खाली गेले. हे घडत असताना त्या देशात चर्चच्या धनाविषयी, त्याच्या शाळा व वसतिगृहांतील दीनदुबळ्या मुलांच्या छळाविषयी उघड वाद झाला. कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, सरकारी चौकशा झाल्या, त्यांतील सर्वांत मोठीचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मनुष्य चर्चपासून दूर गेला तो भांडून गेला. गोव्यात व वसईत, म्हणजे मराठीच्या अंगणातील दोन जुन्या कॅथलिक समाजांत, असे भांडणाचे वाङ्मय जवळजवळ नाहीच. याचा अर्थ येथे भांडणाचे कारण नव्हते असा करावा, की भांडावयास शब्द नव्हते असा करावा? दुसऱ्या पर्यायाकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे. कारण त्याचा पुरावा भाषेतच पडून आहे.

गोव्यातील इगर्जीचे धन समजावयाचे तर आधी गावकारी समजली पाहिजे. गावची जमीन गावकारांच्या समुदायाची असे. ती लिलावाने कसावयास द्यावयाची. खाजनांच्या बांधांचा खर्च, सरकारचा वसूल आणि देवळाचा खर्च वजा जाता जे उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावयाचे. या वाट्याला 'झोण' असे नाव होते. अफोंस मेशिया याने १५२६ मध्ये केलेल्या 'फोराल'मध्ये पोर्तुगीज सत्तेने ही रीत लिहून काढून मान्य केली. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये तेथील गावकारांकडून देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्यास लावून घेण्यात आले. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पडली. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही, की जमीन तीच राहिली, भातही तेच राहिले. ज्याच्यापुढे ते ठेवावयाचे तो देव बदलला. इगर्जीची बांधणी, डागडुजी, सणाचा खर्च हा पुढेही गावकारीच्याच अंगावर पडत राहिला. तेव्हा गावच्या इगर्जीचे धन हे परदेशातून आलेले धन नव्हते. ते गावाच्याच घामाचे होते, आणि गावाला ते ठाऊक होते.

याच्या जोडीला दुसरे एक धन होते: जुन्या गोव्यातील मठांचे. १६०५ मध्ये प्रतिष्ठापना झालेले बॉम जेझू, सांता मोनिकाचा भव्य मठ, आगुस्तीनियन पंथीयांचा टेकडीवरचा मठ, शतकभर बांधकाम चाललेले से कॅथेड्रल. संत फ्रान्सिस झेवियरच्या शवासाठी गोव्याच्या सोनारांनी रुप्याची पेटी घडविली ती १६३७ च्या सुमारास. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाठविला, तो १६९८ मध्ये बसविण्यात आला. ही दोन धने एकाच नावाने ओळखली जातात, पण त्यांचे प्राक्तन पुढे अगदी वेगवेगळे झाले. त्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मरण पावला. या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्याने साष्टीत काढला. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकारांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्याबद्दल गावच्या प्रमुखांना कपटाने बोलावून मारण्यात आले आणि त्या परिसरातील गावांच्या जमिनी गावकारांच्या हातून गेल्या. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होता. म्हणजे जमीन, देऊळ आणि रक्त यांचे नाते त्याने ऐकीव माहितीवरून जाणले नव्हते. राशोल येथे १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथाचे श्रोते याच साष्टीतील नवख्रिस्ती होते. त्यांच्या आजोबांनी गावचे देऊळ पाहिले होते. त्यांनी स्वतः त्याच उत्पन्नावर उभी राहिलेली इगर्ज पाहिली होती. अशा श्रोत्यांपुढे सुमारे अकरा हजार ओव्यांतून सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगितली गेली.

आता शब्दांकडे वळावे. गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या भाषेत, म्हणजे 'ख्रिस्तपुराणा'ची मराठी आणि तिच्याभोवतीची बोलीतील कोकणी या दोन्ही मिळून, धर्मविषयक शब्दांचे तीन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर भक्तीचा. परमेश्वर, वैकुंठ, मुक्ती, भक्त, कृपा, पुराण हे सर्व शब्द स्टीफन्सने जसेच्या तसे उचलले, आणि ज्या निर्भयपणे उचलले त्याचे आजही आश्चर्य वाटते. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास धैर्य लागते. दुसरा थर आचाराचा. येथे पोर्तुगीज शब्द आले, पण ते लोकांच्या तोंडी इतके घोळले की त्यांचे मूळ ओळखू येऊ नये. इग्रेझाची 'इगर्ज' झाली, पापनिवेदनाचे 'कुमसार', आशीर्वादाचे 'बेसांव', जपमाळेच्या प्रार्थनेचे 'तेर्स', स्तवनमालेची 'लादाईन', सणाचे 'फेस्त'. जुने नाणे हाताळून गुळगुळीत व्हावे तसे हे शब्द झाले आहेत. यांतील 'नाताळ', 'पाद्री', 'क्रूस' तर समस्त मराठी भाषेचे झाले.

तिसरा थर संपत्तीचा. इगर्जीच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी 'फाब्रिक', बंधुमंडळाची 'कोंफ्रारी', तिच्या नियमांचे 'कोंप्रोमिस', जमिनींची नोंदवही म्हणजे 'तोंब'. हे शब्दही पोर्तुगीजच. परंतु दुसऱ्या थरातील शब्दांच्या शेजारी ते ठेवून पाहिले म्हणजे त्यांचा कोरेपणा नजरेत भरतो. ते झिजलेले नाहीत. ज्या समाजाने 'लादाईन' घडविली त्याला 'फाब्रिक' हा शब्द घडविता आला नसता असे नाही. त्याला तो घडविण्याचा प्रसंगच आला नाही. हे शब्द लेखनिकाच्या हातात राहिले, लोकांच्या तोंडात आले नाहीत.

यावर असा आक्षेप येईल की पैशाविषयीचे परके शब्द भाषेत सहजी रुजतच नाहीत. मराठीचा अनुभव याच्या उलट आहे. 'पगार', 'लिलाव', 'चावी' हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आज सोलापूरच्या हातमागावर बसलेल्या विणकरालाही ते परके वाटत नाहीत. जमिनीच्या भाड्याला पोर्तुगीजांत 'फोरो' म्हणत. त्याचे 'फोरास' झाले आणि मुंबईच्या एका रस्त्याला ते नाव चिकटून राहिले. मग निवड कोणत्या तत्त्वावर झाली? बारकाईने पाहिले तर असे दिसते, की जो शब्द देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या हाताला लागतो तो भाषेत शिरतो. लिलावात बोली लावणारा शेतकरी असतो, फोरो भरणारा कूळ असतो, पगार घेणारा चाकर असतो. फाब्रिकेची वही मात्र यांपैकी कोणाच्याही हाताला लागत नाही. आणि याच गावात, याच शेतांविषयी, देशी शब्दांची केवढी समृद्धी आहे: खाजन, मानस, भाट, झोण, कुळकर्णी, मुंडकार, भाटकार. गावकाराला मिळणाऱ्या वाट्याला देशी नाव आहे. ज्याच्या झोपडीखालची जमीनही त्याची नव्हे त्या मुंडकारालाही देशी नाव आहे. इगर्जीच्या तिजोरीला तेवढे नाही.

शब्दांच्या या वाटणीचा परिणाम वाङ्मयावर झाल्यावाचून राहिला नाही. 'ख्रिस्तपुराणा'त दारिद्र्य आहे, आणि ते सुंदर आहे. जुन्या मराठीत 'दुर्बळ' हा शब्द बलहीन आणि निर्धन अशा दोन्ही अर्थांनी चालतो, कोकणीत 'दुबळो' म्हणजे आजही गरीबच; या शब्दाभोवती सुदाम्यापासून चालत आलेली करुणा साचलेली आहे. त्या करुणेचा सगळा वारसा येशूच्या जन्मकथेला आयताच मिळाला. परंतु पुराणाच्या भाषेला आपला असा एक स्वभाव असतो. त्या भाषेत देवाचे दारिद्र्य ही त्याची लीला ठरते. त्याने ते पांघरलेले असते, जसे वामनाने बटूचे रूप पांघरले. राजा भिकाऱ्याच्या वेषात दारी आला तर ऐकणाऱ्याला राजाविषयी प्रेम वाटते. भिकारी का आहेत, हा प्रश्न पडत नाही. सुवार्तेतील ख्रिस्त धनिकांविषयी जे कठोर बोलतो त्याची धार पुराणाच्या घाटात आल्यावर बोथट होते, असे म्हणणे स्टीफन्सवर अन्याय करणारे वाटेल. वस्तुतः यात त्याच्या श्रद्धेचा किंवा प्रतिभेचा दोष नाही. त्याने भक्तीची भाषा घेतली आणि तिच्याबरोबर तिची एक मर्यादाही घेतली. एतिएन द ला क्रुवा याने १६२९ नंतर संत पीटरच्या चरित्रावर जो प्रचंड ओवीबद्ध ग्रंथ रचला, त्यात टीकेची धार भरपूर आहे. पण ती सर्वस्वी हिंदू पुराणांकडे वळलेली आहे. टीका करण्याची शक्ती या मराठीत होती. ती घराच्या आत वळली नाही.

भक्तीच्या भाषेची ही मर्यादा अटळ होती काय? सोलापूर जिल्ह्यातच याचे उत्तर सापडते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महिपतीच्या 'भक्तविजया'तून घरोघरी गेली. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे दामाजीपंतांनी भुकेलेल्यांसाठी लुटवली. आणि विठोबा महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, त्याने धान्याची किंमत मोजून भरली आणि रीतसर पावती घेतली. या कथेचे वैशिष्ट्य चमत्कारात नाही. चमत्कार सगळ्याच संतकथांत असतात. वैशिष्ट्य पावतीत आहे. येथे देव हिशेब चुकता करतो. कोठार, किल्ली, मोजमाप, रक्कम, रसीद हे सारे शब्द भक्तिकथेच्या आत आलेले आहेत. तुकोबांच्या बाबतीत परंपरा सांगते की दुष्काळानंतर त्यांनी घरची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. आणि त्यांच्या अभंगांत वाण्याच्या दुकानातले, सावकारीतले शब्द पावलोपावली भेटतात. देवालाही ऋणको करून त्याच्या दाराशी तगादा लावण्याची सोय मराठी भक्तीने करून ठेवली होती. ज्याच्या हाती हिशेबाचे शब्द आहेत तोच हिशेब मागू शकतो.

अर्थात् वारकरी वाङ्मयाचा गौरवही मापात केला पाहिजे. चोखामेळा मंगळवेढ्याचा, त्याला पंढरपुरात देवळाच्या पायरीशी जागा मिळाली, तीही मरणानंतर. अस्पृश्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश मिळण्यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. देवस्थानच्या उत्पन्नावरचे बडव्यांचे वंशपरंपरागत हक्क अभंगांनी गेले नाहीत. १९७३ च्या कायद्याने गेले, आणि त्या कायद्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात संपावयास २०१४ साल उजाडावे लागले. परंतु या साऱ्या लढ्यांत बोलणाऱ्यांना भाषा उसनी आणावी लागली नाही. बडवा हा शब्द मराठी आहे, आणि तो शिवी म्हणूनही वापरता येतो.

येथे एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी पोथी लंडनमधील मार्सडन संग्रहात असल्याचे १९२० च्या दशकात ज्याने उजेडात आणले, तो अमेरिकन मराठी मिशनचा जस्टिन ॲबट हाच 'भक्तविजया'चा इंग्रजी भाषांतरकार. एकाच माणसाच्या मेजावर दामाजीची पावती आणि येशूचा गोठा शेजारी शेजारी होते. त्या दोन ग्रंथांची या दृष्टीने तुलना पुढे कोणी फारशी केली नाही. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाल्यावरही चर्चा बहुतांशी भाषेच्या गोडव्याभोवतीच फिरत राहिली.

या विवेचनावर सर्वांत बळकट आक्षेप इन्क्विझिशनचा. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, ज्या भूमीत धर्मन्यायासन बसले होते आणि जेथे १६८४ मध्ये लोकभाषेविरुद्धच फर्मान निघाले, तेथे इगर्जीच्या धनावर कोण लिहिणार? मौनाचे कारण भय होते. शब्दांच्या थरांत ते कशाला शोधावे? आक्षेपात तथ्य आहे. पण भय संपल्यावर मौन संपले असते तर तो निर्णायक ठरला असता. १८१२ नंतर मराठीत दोन शतके गेली, आणि कॅथलिक समाजाच्या मराठी लेखनात फाब्रिकेचा प्रवेश झाला नाही. तोंडी वाङ्मयाची गोष्ट निराळी. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या कोकणी तियात्रात भाटकाराची टर उडते, पाद्र्यालाही टोला बसतो, आणि प्रेक्षक हसून दाद देतात. म्हणजे समाजाला सांगावयाचे काही होते. मात्र तियात्रातला टोला पाद्र्याच्या स्वभावाला असतो. त्याच्या लोभाला, त्याच्या तोऱ्याला. वहीला नसतो. थट्टेलाही शब्द लागतात.

आता त्या दोन धनांच्या प्राक्तनाकडे. मठांचे धन एका झटक्यात गेले. जेझुइटांना पोर्तुगीज सत्तेने १७५९ मध्ये हद्दपार केले व त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. १८३५ मध्ये गोव्यातील उरलेले पुरुषपंथही बंद झाले. आगुस्तीनियन मठाची कमान १८४२ मध्ये कोसळली आणि आज त्या टेकडीवर मनोऱ्याचा एक सुळका तेवढा उभा आहे. एवढे धन गेले, पण गावच्या इगर्जीतली गर्दी त्याने हटली नाही. उत्तरेकडील वसईत तर हा प्रयोग शंभर वर्षे आधीच होऊन गेला होता. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकली. फिदाल्गो गेले, त्यांच्या किल्ल्यातील देवालये ओस पडली, त्यांच्या घंटा मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरापर्यंत जाऊन हिंदू देवांपुढे वाजू लागल्या. मागे उरला तो शेतकरी व कोळी समाज, ज्याच्याजवळ घंटाही उरली नव्हती. मराठी अमलात त्याने आपला धर्म टिकविला. घरी तो वाडवळी-कादोडी बोलत राहिला आणि प्रार्थना करीत राहिला. श्रीमंती गेली म्हणून श्रद्धा गेली असे वसईत झाले नाही.

तेव्हा धन आणि आचार यांचा सरळ व्यस्त किंवा सम संबंध मांडता येत नाही. चर्च श्रीमंत म्हणून लोक दूर गेले, हे आयर्लंडविषयी सांगितले जाणारे सूत्र कोकणपट्टीला लागू पडत नाही. येथे आचार टिकला तो गावच्या धनाशी बांधलेला होता म्हणून. फेस्ताच्या दिवशी मिरवणुकीत कोणी कोठे चालावयाचे, कोंफ्रारीत कोणाचे नाव असावयाचे, हे जमिनीच्या हक्काने ठरे. काही गावांत ते केवळ गावकार कुळांपुरते राही आणि मुंडकार बाहेर राही. यात अन्याय होता, उघड अन्याय. पण याच गाठीने माणूस इगर्जीशी जखडलेला होता.

ही गाठ सुटली ती १९६१ नंतर. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला मालक मानणारी १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी दुबळ्याला जमीन मिळाली. ती विधानसभेतून मिळाली, प्रवचनपीठावरून नव्हे. गावकारीचे उत्पन्न आटले. त्याच सुमारास तारवटी, आखाती नोकर आणि पुढे इंग्लंडला जाणारे यांच्या पैशाने घरे उभी राहू लागली. दामोदर मावजो यांच्या १९८१ मधील 'कार्मेलीन' या कादंबरीची नायिका कुवेतला जाते, तेव्हा मराठी-कोकणी वाङ्मयात ख्रिस्ती दारिद्र्य प्रथमच पुराणाचा शेला बाजूस सारून पुढे येते. ती पांघरलेली गरिबी नाही, पगारासाठी घर सोडावे लागणारी गरिबी आहे. त्या कादंबरीचे मोठेपण यात आहे, आणि समीक्षेने ते स्त्रीजीवनाच्या चित्रणापुरते मानून थोडा अन्याय केला आहे.

आजचे चित्र असे, की फेस्ताचा खर्च परदेशातून येतो, इगर्जीला नवी फरशी बसते, देणगीदाराचे नाव दगडात कोरले जाते. आणि त्या देणगीदाराच्या घराला वर्षातील अकरा महिने कुलूप असते. संध्याकाळचे तेर्स मोडले, अशी तक्रार धर्मगुरूच करीत असतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झेवियरचे शवप्रदर्शन झाले तेव्हा लोटलेली गर्दी पाहून कोणी या तक्रारीला खोटे ठरवू पाहील. पण दहा वर्षांनी येणारी जत्रा आणि रोजची संध्याकाळ यांत फरक आहे. येथे धन राहिले आणि आचार पातळ झाला. माणूस इगर्जीवर रागावून गेला नाही. रागावण्याइतका तिच्या हिशेबात तो कधी नव्हताच.

ख्रिस्ती मराठीत या मौनाला छेद देणारे दोघे पाद्री निघाले. त्यांतील पहिला कॅथलिक नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला. मिशनचे धन हा त्यांच्या दृष्टीने हिशेबाचा प्रश्न नव्हता, वृत्तीचा होता: पगार घेणारा पाद्री मराठी माणसाला साधू वाटत नाही. टिळकांनी अभंगाची भाषा घेतली तेव्हा तिच्यातले वैराग्यही घेतले, आणि ते स्वतःला लावून पाहिले.

दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून आणि १९८९ पासून हरित वसईच्या चळवळीत त्यांनी जे लिहिले-बोलले, त्याचा विषय वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची जमीन हा होता. बिल्डरला जमीन विकून आलेले धन हे इगर्जीचे नव्हे, इगर्जीत बसणाऱ्यांचे. त्यावर बोलणे हे बिशपच्या तिजोरीवर बोलण्याहूनही कठीण. दिब्रिटो ते साध्या मराठीत बोलले. सोलापूरच्या शेजारी, उस्मानाबादेस (आताचे धाराशिव), जानेवारी २०२० मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचे ख्रिस्ती असणे चर्चेचा विषय झाले; त्यांच्या गद्यातील ही जमिनीची धार मात्र कोणी तपासली नाही. २०२४ मध्ये त्यांच्या निधनानंतर आलेल्या मृत्युलेखांतही तिला फारशी जागा मिळाली नाही.

व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेतील उपासनेला वाट मोकळी करून दिल्यावर वसईत मराठी मिस्सा आली, १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि त्याचे पहिले बिशप तुकारामांवर प्रबंध लिहिलेले थॉमस डाबरे हे होते. या काळात घडलेली शब्दसंपदा अभ्यासनीय आहे: धर्मप्रांत, धर्मग्राम, धर्मगुरू, धर्मभगिनी, व्रतस्थ. माणसांना आणि अधिकारांना नेटकी मराठी नावे मिळाली. मालमत्तेकडे वळले की तीच भाषा ट्रस्ट, फंड, डोनेशन, अकाउंट, ऑडिट असे शब्द वापरू लागते. फाब्रिक आणि कोंफ्रारी यांचे पोर्तुगीज गेले, तेथे इंग्रजी आले. मधल्या स्थानकावर, मराठीत, ती गाडी थांबलीच नाही. दामाजीपंतांच्या भाषेत 'जमाखर्च' हा शब्द आहे, 'कीर्द' आहे, 'खतावणी' आहे. वसईतील कोण्या धर्मग्रामाच्या वार्षिक सभेत या शब्दांनी बोलणे सुरू झाले, तर तेथे कोणते प्रश्न विचारले जातील, हे अद्याप ऐकू यावयाचे आहे.